भिंतीच्या आत शंभरात नव्वद

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाचा जबडा अकोल्यात मोडला तेव्हा तो प्रार्थना करत होता. डोळे मिटलेले होते, म्हणून पहिला फटका कोणाचा हे त्याला कधीच सांगता आलं नाही. दुसरा मात्र त्यानं पाहिला. तो त्याच्याच घरातल्या लोखंडी खुर्चीचा होता.

रविवारची सकाळ होती. त्याच्या घरच्या हॉलमध्ये दर रविवारी वीस-पंचवीस माणसं जमायची; गाणी, प्रार्थना, मग चहा-पोहे. त्या दिवशी दार ढकलून त्याहून दुप्पट माणसं आत आली. हा देश एकाच धर्माचा आहे आणि त्याच धर्मानं चालेल, असं ओरडत त्यांनी आधी ट्यूबलाइट फोडल्या आणि मग माणसं. एका म्हातारीला केसांना धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं. त्याच्या मुलीच्या पाठीवर गिटार मोडली. मी दुपारच्या एसटीनं अमरावतीहून पोचलो तेव्हा भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला रक्ताचा पंजा उमटलेला होता, आणि त्याची बायको दोन दात रुमालात गुंडाळून उभी होती. डॉक्टर ते परत बसवतील अशी तिला आशा होती.

डॉक्टरांनी दात बसवले नाहीत. वरचा आणि खालचा जबडा तारेनं एकमेकांना बांधून टाकला. कितीतरी आठवडे तो माणूस दातांच्या फटीतून वरणाचं पाणी ओढून घेत जगला.

तक्रार नोंदली गेली. ठाण्यातले साहेब म्हणाले, तुमच्यातला नको, बाहेरचा पाहिलेला माणूस आणा. त्याच्या घरासमोरच स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानदार त्याच्यासोबत रोज चहा पिणारा. मी त्याच्याकडे गेलो. तो हातातला पाना पुसत राहिला आणि म्हणाला, ‘‘भाऊ, मी शटर वढून घेतलं होतं. मले काई दिसलं नाई.’’ शेजारच्या बाई म्हणाल्या, आमचा टीव्ही मोठ्यानं चालू होता. त्यापलीकडचे लोक म्हणे गावालाच गेले होते. साक्षीदार नाही म्हणून तक्रार तशीच वाळून गेली.

माझी बायको पुढं वर्ष-दीड वर्ष पोळ्या लाटताना हे बोलत राहिली. मारणाऱ्यांना ती फारसे शिव्याशाप देत नसे. ‘‘त्याईचं त्याईच्यापाशी,’’ म्हणायची. ‘‘पन हे जे दारं लावून बसले ना, चहा पेनारे, यायले देव पाहून घेईन.’’

मेव्हण्यानं अकोल्याचं घर विकलं आणि तो बायकोमुलीसह आमच्याकडे, अमरावतीला राहायला आला. आम्ही राहतो ती जागा जुन्या मिशनची. भोवती दगडी भिंत, एक लोखंडी फाटक, मध्ये चर्च आणि बेचाळीस घरं. त्यांतली अडतीस ख्रिस्ती, उरलेली चार इतरांची. दोन बौद्ध, एक मुसलमान शिंप्याचं आणि एक निवृत्त हिंदू मास्तरांचं. आमच्यापासून चौथं घर रिकामं झालं होतं, ते त्याला मिळालं. पाहुणा म्हणून आलेला माणूस अशा रीतीनं शेजारी झाला.

तारा निघाल्यावर त्याचं बोलणं बदललं. शब्द थोडे वाकडे निघत, पण तो पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागला. एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून मऊ खिचडी खाता खाता तो म्हणाला, ‘‘जवाईबापू, त्याईनं मले काऊन मारलं सांगू? राज्य त्याईचं हाय म्हनून. आपलं असतं तर कोनाची हिंमत होती?’’

‘‘आपलं म्हंजे?’’

‘‘देवाचं. देवाच्या शास्त्राचा कायदा. अधिकारी देवाचे सेवक हायेत असं लिवलंच हाय ना? मंग त्याईले सेवक करून ठेवाव.’’

मी जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात नोकरी करतो. आकडे गोळा करणं, तपासणं आणि चुकलेले परत पाठवणं हे माझं काम. जनगणनेत धर्माचा रकाना मी हातानं तपासलेला आहे. म्हणून मी म्हणालो, ‘‘दादा, आपन जिल्ह्यात शंभरात एकबी भरत नाई. कोनाचं राज्य आनता?’’

‘‘हे तुमचं आकड्याचं झालं. मी वेगळंच इचारतो. शंभरात नव्वद असतो तर? तवाबी असंच म्हनले असते का?’’

 प्रश्न खरा होता. दुबळा माणूस राज्य नको म्हणतो तेव्हा त्याचं नको म्हणणं कितपत खरं, हे त्यालाही ठाऊक नसतं. मी त्याला एवढंच सांगितलं की लोक प्रभूला धरून राजा करायला आले तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला. रोमी सुभेदारापुढे उभा राहिला तेव्हाही, माझं राज्य या जगातलं नाही, नाहीतर माझी माणसं माझ्यासाठी लढली असती, अशा अर्थाचंच बोलला.

‘‘मंग देवाचं राज्य येवो अशी प्रार्थना दर रविवारी काऊन करता? तोंडदेखली?’’

‘‘येवो म्हनतो, दादा. मारून-ठोकून आना असं नाई म्हनत.’’

‘‘आधी खिचडी संपवा,’’ बायको आतून म्हणाली. ‘‘थंडी होऊन राह्यली. राज्य नंतर आना.’’

आम्ही तिघंही हसलो. त्याला हसताना अजून दुखायचं, म्हणून तो गालाला हात लावून हसला.

त्यानं राज्य आणलं ते भिंतीच्या आत. सुरुवात फाटकापासून झाली. अकोल्यासारखं इथं होऊ नये म्हणून त्यानं दहा-बारा तरुण जमवून पहारा बसवला, आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. माझीही नव्हती. मग पहाऱ्याचं तोंड हळूहळू आतल्या बाजूला वळलं. कंपाउंडमधला एक रंगारी दारू पिऊन यायचा. त्याला कडुलिंबाला बांधून त्याच्या अंगावर बादल्यांनी पाणी ओतलं, आणि तो शिव्या देऊ लागला तेव्हा तोंडावर चपलेनं मारलं. रविवारी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या बॅटी फाटकाजवळ पेटवल्या. रविवारी गाडी आत आणली म्हणून एका फळवाल्याची पपया-केळ्यांची हातगाडी उलटी केली, आणि तो फळं उचलायला वाकला तेव्हा त्याच्या कमरेत लाथ बसली. फळवाला मुसलमान होता. लाथ मारणारा चर्चच्या गायनात माझ्या शेजारी उभा राहणारा.

मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. ते भले गृहस्थ, पण त्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही. म्हणाले, ‘‘रंगाऱ्याची बायको काल येऊन रडली. आनंदानं. तीन महिने झाले, मार खाल्ला नाही म्हणाली.’’

घरी आल्यावर बायकोही तेच म्हणाली. ‘‘दारू तर बंद झाली ना? तुमच्या सरकारनं किती वर्सांत केली?’’

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जड गेलं.

मग सभा झाली. मेव्हण्यानं ठराव मांडला की जागा देवाची आहे, तेव्हा भिंतीच्या आत मूर्ती राहता कामा नये. मी उठून म्हणालो की इथली चार घरं आपल्या धर्माची नाहीत, आणि एका पाचव्या घरात नवरा आपला नि बायको बौद्ध आहे. त्यांनी काय करावं? कोणीतरी मागून म्हणालं, ‘‘फाटक बाहेरच्या बाजूलाबी उघडते ना बे!’’ सगळे हसले. हात वर झाले. विरोधात तीन हात होते. एक माझा, एक संडे स्कूलच्या म्हाताऱ्या बाईंचा, आणि एक त्या पाचव्या घरातल्या नवऱ्याचा. माझ्या बायकोनं हात कुठल्याच बाजूला वर केला नाही.

तो नवरा म्हणजे आमच्या उपासनेतला ढोलकीवाला. पोटासाठी वायरमनचं काम करायचा. त्याची बायको आरोग्य केंद्रात परिचारिका; कंपाउंडमधल्या निम्म्या पोरांना तिनंच डोस पाजलेले. तिच्या स्वयंपाकघरात फळीवर प्लास्टरची वीतभर बुद्धमूर्ती होती. तिला निरोप गेला. तिनं उलटा निरोप पाठवला, ‘‘लग्नाच्या वक्ताले माह्या बापानं देल्ली. काढाची असन तर बापाले इचारून काढीन, आन् तो मेला.’’

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर मी घरी कांदा चिरत बसलो होतो. कंपाउंडभर रविवारच्या मटणाच्या फोडणीचा वास सुटलेला असतो, तसा सुटला होता. तेवढ्यात प्लास्टर फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बाईची किंकाळी. मी सुरी टाकून पळालो.

ढोलकीवाल्याच्या घरात पाच जण होते, मेव्हणा धरून. मूर्तीचे तुकडे स्वयंपाकाच्या ओट्यापासून न्हाणीपर्यंत पसरले होते. बाई पोट धरून जमिनीवर वाकली होती. तिला श्वास घेता येत नव्हता. ढोलकीवाल्यानं उजव्या हातानं माझ्या मेव्हण्याचं मनगट पकडून ठेवलं होतं. तो मारत नव्हता, फक्त सोडत नव्हता. चौघांनी त्याला फरफटत बाहेर आणलं. दोघं त्याच्या पायांवर बसले. एकानं त्याचा हात ओट्याच्या दगडी कडेवर दाबून धरला. मेव्हण्याच्या हातात फाटकाचा लोखंडी अडसर होता.

‘‘दादा!’’ म्हणून मी मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. त्यानं कोपर मागे मारलं. माझ्या नाकाचं हाड कडकन वाजलं आणि मी खाली बसलो. तोंडात रक्त येत होतं, पण डोळे उघडे होते. बसल्या जागेवरून मला ओट्याची कड समोर दिसत होती. अडसर बोटांवर पडला. आवाज मोठा नव्हता. तो पुन्हा पडला, आणि पुन्हा. ‘‘देवाच्या मानसाले अडवतं? या हातानं अडवतं?’’ मेव्हणा म्हणत होता, आणि त्याच्या वाकड्या तोंडातून थुंकी उडत होती. ढोलकीवाला आधी ओरडत होता. मग त्याचं ओरडणं बंद झालं आणि तो आपल्या हाताकडे नुसता पाहत राहिला. करंगळी भलत्याच दिशेला वळली होती आणि अंगठ्याच्या बुडाशी पांढरं हाड वर आलं होतं.

बाई रांगत बाहेर आली. तिनं स्वतःच्या साडीचा पदर फाडला आणि हात बांधला. बांधताना ती रडत नव्हती. कामावर असल्यासारखी ‘‘दाबून धरा, दाबून धरा’’ असं म्हणत होती. मीच धरला. पहारेवाले तोवर निघून गेले होते. अडसर ओट्याखाली पडला होता.

सरकारी दवाखान्यात त्याच्या हातात सळ्या घातल्या. वायरमन असल्यामुळे कारण शोधायला कोणाला त्रास पडला नाही. शिडीवरून पडला, असं कंपाउंडनं एकमुखानं ठरवलं.

आता आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, एक रीत सांगितली पाहिजे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. त्याआधी ज्यांचं भांडण झालं असेल त्यांनी पुढं येऊन टेबलासमोर एकमेकांना उजवा हात द्यायचा. एकदा हात दिला की प्रकरण मिटलं. नंतर ते उकरून काढणं पाप. नाल्यांची भांडणं, सासू-सुनांचे वाद, भावाभावांतले अबोले, सगळं तिथंच संपलेलं मी लहानपणापासून पाहिलं आहे. आमच्या कंपाउंडचं एकही भांडण ठाण्यात गेलं नाही, याचा आम्हाला मोठा अभिमान. पोलीस आमच्या फाटकातून आत आला तो मतदानाच्या बंदोबस्तालाच. ही रीत चांगली आहे असं मी आजही म्हणेन. पण नाल्याच्या भांडणाचं औषध आम्ही त्या फुटलेल्या हाताला लावायला निघालो.

पहिल्या रविवारी ढोलकीवाल्याला आणलं. कोपरापर्यंत प्लास्टर, बोटांच्या टोकांतून सळ्या बाहेर. मेव्हणा पुढं आला. तो खरोखर रडत होता; त्याचं रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्यानं हात पुढं केला आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं. पाळकसाहेब घाईनं म्हणाले, ‘‘डावा चालेल.’’ डावा हात आजवर कोणी दिलेला नव्हता. ढोलकीवाल्यानं तो दिला. मेव्हण्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि मंडळीनं गीत सुरू केलं. ढोलकी भिंतीला टेकून पडली होती, म्हणून नुसत्या टाळ्यांवर.

‘‘झालं का तुमचं?’’

दारात त्याची बायको उभी होती. गाणं थांबलं.

एक वडीलधारे गृहस्थ उठून म्हणाले, ‘‘बाई, चपला काढून उभ्या राहा.’’

‘‘माह्या सैपाकघरात तुमचे पोट्टे चपला काढून आले होते का?’’

पाळकसाहेब खाली उतरले. ‘‘ताई, त्यानं क्षमा केली आहे. मिटलं.’’

‘‘त्यानं केली. मी नाई केली. माह्या घरात घुसले, माह्या बापाची देल्ली मूर्ती फोडली, माह्या पोटात लाथ घातली. मी तुमच्या मंडळीतली नाई. मले कोन हात देऊन राह्यलं? सांगा ना! माहा निकाल कोन्या टेबलावर हाय?’’

 मेव्हण्यानं ओट्यावर विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. बेचाळीसांत अडतीस म्हणजे नव्वद टक्क्यांहून थोडं जास्त. भिंतीच्या आत आम्ही शंभरात नव्वद होतोच, आणि राज्य आमचं होतं. त्या राज्यात दारू बंद झाली होती, अपराध्याला रडू येत होतं, क्षमा होत होती. फक्त जी आमची नाही तिला दाद मागायला जागा नव्हती. मेव्हण्याला मारणारे दुष्ट आणि आपण भले, एवढ्यानं ती जागा तयार होत नाही. आपण भले आहोत असं धरून चाललो म्हणूनच ती ठेवली नाही, हे मला कळायला इतका वेळ लागला.

ती तिथून सरळ ठाण्यात गेली. पोलीस चौकशीला आले. माझं आणि ढोलकीवाल्याचं घर सोडून आमच्या छत्तीस घरांनी शिडी सांगितली. इतर चार घरांनी, आम्ही घरात नव्हतो, असं सांगितलं. त्यांना तिथंच राहायचं होतं. ढोलकीवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘मी हात देल्ला. आता मांगं घेता येत नाई.’’ त्याच्या बायकोनं त्याच्या तोंडावर पाण्याचा पेला फेकून मारला. तरी त्यानं जबाब दिला नाही. आता तिच्याशिवाय पाहिलेला माणूस म्हणून एकटा मी उरलो. माझ्या नाकावर अजून पट्टी होती.

पाळकसाहेब चर्चच्या कारभारातल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, ‘‘भावानं भावाला अविश्वासी लोकांच्या न्यायासनापुढं ओढू नये, असं शास्त्रात प्रेषितानं करिंथच्या मंडळीला बजावलं होतं. तुम्हाला ठाऊक आहे.’’

‘‘ठाऊक आहे. पण त्याच प्रेषिताला त्याच्याच धर्मसभेचे लोक मारायला टपले होते, तेव्हा त्यानं काय केलं? कैसराकडे दाद मागितली. मूर्तिपूजक बादशहाकडे.’’

‘‘तो त्याच्या जिवाचा प्रश्न होता.’’

‘‘आणि ही बाई? ती तर आपलं भावंड पण नाही. मी कोणाला न्यायासनापुढं ओढत नाही, तीच गेली आहे. मला फक्त पाहिलेलं सांगायचं आहे.’’

त्यांतले एक वडीलधारे उठताना म्हणाले, ‘‘सांगा. मग अकोल्यात ज्यांनी मारलं ते टाळ्या पिटतील. म्हणतील, पाहा, हे तर आपसातच.’’

हे माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. ते टाळ्या पिटणार होतेच.

ते गेल्यावर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सगळं तिनं ऐकलं होतं.

‘‘सख्खा भाऊ हाय माहा,’’ ती म्हणाली.

‘‘मले मालूम हाय.’’

‘‘आदीच त्याचं तोंड मोडलं. आता जेलात टाकता?’’

‘‘तू सांग. मी काय सांगू त्याईले? शटर वढलं होतं म्हनू?’’

तिनं हातातलं उलथनं माझ्या अंगावर फेकलं. ते कानाजवळून गेलं आणि भिंतीवर आदळलं. मग ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून, आवाज बाहेर जाऊ न देता रडली. मी जवळ गेलो तर तिनं मला लाथेनं दूर ढकललं. बऱ्याच वेळानं उठून तिनं माझा धुतलेला शर्ट दोरीवरून काढला आणि खुर्चीवर ठेवला.

‘‘जा,’’ ती म्हणाली. ‘‘पन मी जा म्हनलं असं कोनाले सांगू नका.’’

इतकी वर्षं ती गोष्ट मी पाळली. आता तिनंच, लिहा म्हणून सांगितलं.

ठाण्यात मेव्हण्याला चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं. माझा जबाब त्याच्यासमोरच्याच टेबलावर सुरू झाला. हवालदारांनी विचारलं, ‘‘मारलं कितीदा?’’ मी म्हणालो, मी पाहिलं ते तीनदा. त्याआधी मारलं असेल तर मला ठाऊक नाही. लाथ कोणी मारली? ती मी पाहिली नाही. बाई पोट धरून वाकलेली पाहिली. हवालदार वैतागले. ‘‘साहेब, जरा भरून सांगा ना, केस मजबूत होईल.’’ मी भरून सांगितलं नाही. माझ्या नाकाचंही विचारलं. यानंच फोडलं, पण माझ्या मिठीतून सुटायला फोडलं, मला मारायला नव्हे, असं लिहा, म्हटलं. त्यांनी लिहिलं.

मेव्हणा इतका वेळ खाली पाहत होता. तो एकदम म्हणाला, ‘‘जवाईबापू, माह्या वक्ताले तुमी कुठं होते?’’

‘‘अमरावतीत, दादा. तवा मी पाह्यलं नव्हतं. हे पाह्यलं.’’

तो उठून माझ्यावर धावला. शिपायानं त्याला मानेला धरून भिंतीवर दाबलं आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो गुडघ्यांवर आला. मी ओरडलो, ‘‘मारू नका त्याईले! हेबी मी पाहून राह्यलो!’’ शिपाई माझ्याकडे पाहतच राहिला. हवालदार हसले आणि म्हणाले, सही करा.

त्या आठवड्यात आमच्या खिडकीवर दगड आला. काच माझ्या आईच्या अंथरुणावर पडली. तिच्या दंडाला टाके पडले. रंगारी पुन्हा प्यायला लागला आणि दारूच्या नशेत येऊन आमच्या दारावर लाथा मारून गेला. ‘‘तुमच्यामुळं पहारा मोडला,’’ असं त्याची बायको माझ्या बायकोला नळावर म्हणाली.  पाळकसाहेबांनी मला प्रभुभोजनाला बसू दिलं, पण माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या.

मेव्हणा जामिनावर सुटून अकोल्याला भाड्याच्या घरात राहायला गेला. ढोलकीवाल्याच्या दोन बोटांत आता ताकद नाही. पकड धरता येत नाही, म्हणून वायरमनचं काम सुटलं. तो बायकोसोबत भिंतीबाहेर राहायला गेला. रविवारी मात्र उपासनेला येतो आणि मागं उभा राहतो.

खटला उभा राहायला काही वर्षं लागली. माझ्या साक्षीच्या तारखेला आम्ही दोघं नवरा-बायको कोर्टात गेलो. व्हरांड्यात एकच बाकडं रिकामं होतं, आणि त्याच्या टोकाला मेव्हणा बसला होता. तो खूप वाळला होता. बायको त्याच्याजवळ जाऊन बसली. तिनं डबा उघडून त्याच्या हातात दिला. मी तिच्या दुसऱ्या बाजूला बसलो. पलीकडच्या खांबाला टेकून ती परिचारिका उभी होती, ड्यूटीच्या पांढऱ्या साडीत.

‘‘आज काय सांगान?’’ त्यानं माझ्याकडे न पाहता विचारलं.

‘‘तेच. ठान्यात सांगतलं तेच. शिपायानं तुमाले मारलं तेबी सांगीन, कोनी इचारलं तर.’’

‘‘ते कोन इचारते?’’ तो म्हणाला, आणि घास तोडू लागला.

कोर्टाच्या शिपायानं माझं नाव पुकारलं. बाकड्यासमोर जागा अरुंद होती. बायकोनं मान वर केली नाही. एक हात भावाच्या पाठीवर तसाच ठेवून तिनं आपले गुडघे बाजूला घेतले, आणि मला आत जायला वाट दिली.